थोरलीचे थंड चौकोन

थोरलीचे वडील गवंडी होते. लहानपणी इतर मुलींना बाहुल्या मिळाल्या आणि मला ओळंबा, असं ती हसून सांगायची. भिंत सरळ उभी राहतेय ना हे बघायला दोरीला बांधलेलं ते जड लोखंड खाली सोडतात. वडील वर बांबूच्या परांचीवर आणि ही खाली मान उंचावून, असं तिचं बालपण गेलं. वाकडं काही दिसलं की तिच्या जिवाला चैन पडत नसे. लग्न होऊन ती जंगलालगतच्या गावात आली. नवरा टायरच्या दुकानात कामाला, फारसं न बोलणारा. घरात सासूबाई आणि एक धाकटा दीर. पुढे एक मुलगी झाली. घरात सगळे तिला थोरलीच म्हणत, घरात धाकटी यायच्या कितीतरी आधीपासून.

मुलगी शाळेत जाऊ लागली त्या सुमारास जंगलात संशोधन केंद्राचं काम सुरू झालं. खड्डे खणायला माणसं हवी होती. थोरलीबरोबर गावातले बरेच जण गेले, पण चिखल, मुंग्या आणि जळवा यांना कंटाळून बहुतेकांनी आठवड्याभरात काढता पाय घेतला. ती राहिली. केंद्राच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. गुडघ्यापर्यंत बूट घालून चिखलात खुशाल बसणाऱ्या बाई होत्या त्या. थोरलीने दोरी ताणून मारलेल्या खुंट्यांकडे त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. एकही खुंटी तसूभर इकडची तिकडे नव्हती.

"हे कुणाकडून शिकलात?"

"बापाकडून. भिंत काय आणि खड्डा काय, दोरी तीच."

त्या दिवसापासून खणायचं काम सुटलं आणि मोजायचं आलं. मॅडमनी तिला समजेल असं समजावून सांगितलं. पानं, मुळं, मेलेले किडे जमिनीत कुजत असतात. मातीतले बारीक जीव ते खातात आणि कर्बवायू बाहेर सोडतात. माती श्वास सोडते म्हणा ना. आता जग तापत चाललं आहे. माती तापली तर हे जीव जास्त खातील, जास्त वायू सोडतील, आणि त्या वायूने हवा आणखी तापेल. पण किती? थंड मुलखात हे पुष्कळांनी मोजलं होतं. बारा महिने उबदार असणाऱ्या अशा जंगलात फारसं कुणी मोजलं नव्हतं. म्हणून जंगलाचे लहान लहान चौकोन आखले. निम्म्या चौकोनांत मातीखाली तारा पुरून त्यांतून वीज सोडली, तिथली माती शेजारच्या मातीहून चार अंश गरम राहील अशी. उरलेल्या निम्म्यांतही तशाच तारा, तितक्याच खोल पुरल्या, पण त्यांत वीज सोडली नाही. खणण्याने मातीत जो फरक पडेल तो दोन्हीकडे सारखा पडावा म्हणून. पहिल्यांना सगळे तापते चौकोन म्हणू लागले, दुसऱ्यांना थंड.

प्रत्येक चौकोनात मातीत एक रुंद कडं रोवलेलं होतं. त्यावर पांढरा प्लास्टिकचा घुमट ठेवायचा, रबरी कड नीट बसवायची, आणि नळीने जोडलेलं यंत्र आत साठणारा वायू मोजायचं. तेवढा वेळ आपण तोंड फिरवून लांब उभं राहायचं, कारण माणसाच्या श्वासातही तोच वायू असतो. तापते आणि थंड, दोन्ही थोरली एकटीच मोजायची. आकडे मॅडमच्या संगणकात जायचे आणि मॅडम मान डोलवायच्या. एवढ्यावर ती सुखी होती. दिराला विजेची कामं यायची, म्हणून त्यालाही तिने शब्द टाकून केंद्रात लावून दिलं.

मग दिराचं लग्न झालं.

धाकटी आली तीच हसत. विज्ञानाची पदवी घेतलेली, बोलायला चटपटीत, आणि वागायला खरोखर चांगली. तिच्यात खोट काढायची म्हटली तरी सापडेना, हीच मोठी अडचण. पहिले काही दिवस थोरलीला तिचं कौतुकच वाटलं. "चल, तुला माझं जंगल दाखवते," म्हणून तीच तिला घेऊन गेली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो असा.

धाकटीने मॅडमना एक प्रश्न विचारला. मग दुसरा. मॅडमचा चेहरा उजळला आणि त्या दोघी असल्या शब्दांत बोलू लागल्या की थोरलीला त्यातलं "माती" तेवढं कळलं. निघताना मॅडम धाकटीला म्हणाल्या, "उद्यापासून येशील?" थोरलीला रोज न चुकता "नीट जा हं" म्हणणाऱ्या मॅडम त्या दिवशी ते म्हणायला विसरल्या. थोरली मात्र ते कधीच विसरली नाही.

कामाची वाटणी झाली. तापते चौकोन धाकटीकडे, थंड थोरलीकडे.

"थंड चौकोनांना तुमच्यासारखाच हात लागतो," मॅडम म्हणाल्या. "सगळी तुलना त्यांच्यावर उभी आहे. ते चुकले तर सगळंच चुकलं."

थोरलीच्या कानात शिरलं ते एवढंच, की तापते गेले.

केंद्र बघायला पाहुणे यायचे. कॅमेरे घेऊन यायचे. सगळे तापत्या चौकोनांभोवती कोंडाळं करायचे, खाली वाकून मातीला हात लावून बघायचे, आणि धाकटी त्यांना हसत हसत समजावायची. शेवटी हात लांब करून म्हणायची, "आणि ते तिकडचे साधे." पाहुणे तिकडे मान वळवायचे आणि परत फिरवायचे. झाडाआड घुमट धरून उभी असलेली थोरली त्या मान वळवण्यात कधी सापडायची, कधी नाही. जी भोकं तिने स्वतः पाडली, ज्या तारा तिने स्वतः पुरल्या, त्यांच्यावर आयत्या बिळावर नागोबा यावा तशी ही येऊन बसली होती.

धाकटीच्या पायांना जळवा फार लागायच्या. मग एकच धावपळ. कुणी मीठ आणतंय, कुणी बूट ओढून काढतंय. दीर एकदा म्हणाला, "वहिनीला बघा, इतकी वर्षं झाली, हिच्या वाटेला एक जळू जात नाही." सगळे हसले. थोरली मनात म्हणाली, जळूला जळू कशाला लागेल?

घरी तर आणखी. सासूबाई शेजारणीला सांगत, "धाकटी बोलते तेव्हा कळतं तरी जंगलात काय चाललंय ते. थोरलीला विचारलं तर म्हणते, माती मोजते." संध्याकाळी धाकटी ओट्यावर चढून बसायची आणि दिवसभराच्या गमती सांगायची, सगळं घर तिच्याभोवती. थोरली भाजी चिरत पाठमोरी उभी. एकदा मुलगी गृहपाठ करता करता म्हणाली, "काकू जंगल तापवते."

"आणि मी?"

मुलीने पेन्सिल चावत विचार केला. "तू न तापवलेलं बघतेस."

सुरी जरा जोरात चालली. नवऱ्याने वर पाहिलं. नंतर खोलीत तो शर्ट काढता काढता म्हणाला, "तू तिला पाण्यात पाहतेस."

"मी? मला काय गरज पडलीय?"

"ते मला काय माहीत. कांद्याबरोबर बोट गेलं असतं आज."

तो झोपला. ती छताकडे बघत धाकटीच्या चुका मोजत राहिली. फार झाल्या नाहीत.

मग ती परिषदेची बातमी आली. दूरच्या मोठ्या शहरात माती अभ्यासणारे जमणार होते. मॅडमना तिथे मोजणी करून दाखवायची होती आणि सोबत एका माणसाला न्यायचं होतं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "तापत्या चौकोनांबद्दलच सगळे विचारणार, तेव्हा धाकटीच बरी." दिराने टाळी वाजवली. थोरलीनेही वाजवली, हात आपोआप वाजले.

त्या दुपारी ती आपल्या चौकोनात गुडघे टेकून बसली. घुमट ठेवला. नेहमीप्रमाणे उठून लांब जायला हवं होतं, पण उठवेना. तशीच वाकून बसली आणि तिच्या तोंडून एक लांबलचक उसासा सुटला. रबरी कड एका बाजूने किंचित उचललेली राहिली होती. यंत्रावरचा आकडा सरसर चढला.

ती बघत राहिली. तिच्या थंड, साध्या, कुणी ढुंकून न बघणाऱ्या चौकोनाने तापत्यांच्या तोडीचा आकडा दिला होता. तो खोडून पुन्हा मोजायला हवं होतं. तिने खोडला नाही. पुढच्या चौकोनात तिने कड बोटाने उचलली आणि फटीला तोंड लावून हळूहळू श्वास सोडला. आकडा चढला तसं तिच्या छातीत असं काही गोड भरून आलं, की कित्येक दिवसांत तसं वाटलं नव्हतं.

पुढे ती रोजच तसं करू लागली. कुठे जास्त, कुठे कमी, संशय येणार नाही इतपत. ओळंबा धरणाऱ्या बापाची लेक आपण, हे तिला त्या वेळी आठवत नसे असं नाही. आठवायचं. मग ती आणखी एक श्वास सोडायची.

काही आठवड्यांत मॅडमच्या कपाळावर आठी दिसू लागली. तापत्या आणि थंड चौकोनांतला फरक घटत चालला होता. थोरलीचे आकडे वर गेलेत असं त्यांच्या मनातही आलं नाही. थोरली चुकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. त्यांना वाटलं, तापतेच तापत नाहीत. मग धाकटीची उलटतपासणी सुरू झाली. रबर नीट बसवतेस का? घाई करतेस का? पाहुण्यांशी गप्पा मारता मारता मोजतेस का? एक दिवस सगळ्यांसमोर आवाज चढला. "नुसतं गोड बोलून माती मोजता येत नाही!" धाकटी मान खाली घालून उभी राहिली. परिषदेला कोण जाणार ते पुन्हा ठरवू, असंही मॅडम म्हणून गेल्या.

त्या संध्याकाळी धाकटी ओट्यावर बसली नाही. जेवण न करताच आपल्या खोलीत गेली. घरात शांतता. ज्या गोष्टीसाठी थोरलीने इतकं केलं ती मिळाली होती. पण खाई त्याला खवखवे. तिनेही ताट अर्धवटच बाजूला सारलं. "धाकटीला काय झालंय गं?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठली.

आणि मग गोष्ट तिच्या हातातून सुटली. मॅडमनी ठरवलं, की तापत्या चौकोनांतल्या तारा उकरून बघायच्या. दिराने परोपरीने सांगितलं, तारा ठीक आहेत, मी तपासल्यात. मॅडम म्हणाल्या, "तारा ठीक असतील तर मग तुझी बायको चुकतेय, आणि ती ठीक असेल तर तू. दोघांपैकी एक कुणीतरी इथून जाईल." एकदा माती उकरली की तो चौकोन संपला, इतक्या वर्षांचं मोजणं वाया. सकाळी पहिल्यांदा तोच उकरायचा ठरला, जो थोरलीने सगळ्यांत आधी आखला होता.

उकरण्याच्या आदल्या दिवशीही ती मोजायला गेली. सवय म्हणा, नाहीतर आता आपण थांबलो तर आकडे पडतील आणि पकडले जाऊ ही भीती म्हणा. ती फटीला तोंड लावून वाकली असतानाच मागे पानं वाजली.

"ताई, तुमच्याकडे जादा रबर आहे का?" धाकटी. मग हसली. "मुंगी उडवताय होय?"

थोरली वळली. तिच्या तोंडाला रबराच्या कडेची माती लागली होती. धाकटीने ती माती पाहिली, उचललेली कड पाहिली, यंत्राचा आकडा पाहिला. हसू हळूहळू विझलं.

"कधीपासून?"

थोरलीने उचललेली कड दाबून खाली बसवली.

"ताई, कधीपासून?"

"परिषदेचं ठरलं तेव्हापासून."

"मी रोज घरी जाऊन रडत होते," धाकटी म्हणाली. "ह्यांची नोकरी जायची वेळ आलीय. आणि तुम्ही इथे बसून फुंकर मारत होतात? मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"काही नाही मारलंस. तेच तर."

"म्हणजे?"

"म्हणजे तू वाईट असतीस तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं." थोरली खाली बघत बोलत होती. "तू यायच्या आधी हे सगळं माझं होतं. मॅडम माझ्याशी बोलायच्या. पोरगी मला विचारायची. आता मी न तापवलेलं बघते."

 धाकटीचे डोळे भरले होते, पण ते दयेने नव्हे, रागाने. "मॅडम मला रोज काय सांगतात ठाऊक आहे? थोरलीसारखं बसव. थोरलीसारखं धर. थोरली असती तर हे झालं नसतं. मला तुमचं नाव ऐकून किळस आली होती." तिने डोळे पुसले. "मी कुणाला सांगणार नाही. उद्या कुदळ लागायच्या आत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मग मी आहेच." रबर न घेताच ती निघून गेली.

सकाळी चौकोनाभोवती सगळे जमले होते. दिराच्या हातात कुदळ होती आणि चेहऱ्यावर झोप नव्हती. थोरली पुढे गेली आणि दोरीच्या आत, अगदी कुदळीसमोर उभी राहिली.

"इथे चूक नाही, मॅडम. चूक माझ्या बाजूला आहे."

"तुमच्या बाजूला कशी असेल?"

"मी घुमटात श्वास सोडत होते. मुद्दाम."

मॅडमना आधी ते समजलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग त्या तिथल्याच एका पालथ्या बादलीवर बसल्या. कुठले चौकोन, किती दिवस, सगळं विचारलं. तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. कदाचित त्यांनी एकदा धाकटीकडे पाहिलं त्यात त्यांना उत्तर मिळालं असावं.

"माणसं खोटं बोलतात म्हणून मी मातीकडे आले," एवढंच त्या म्हणाल्या. "घुमट खाली ठेवा. आजपासून हात लावायचा नाही."

दिराने कुदळ खांद्यावर टाकली आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. त्यानंतर कितीतरी महिने तो घरात तिच्याशी भिंतीमार्फत बोलत होता. "चहा हवाय म्हणावं." ती चहा ठेवायची. सासूबाईंना कुणी काही सांगितलं नाही, पण त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. थोरलीचं नाव काढणं त्यांनी बंद केलं, आणि तेच तिला जास्त लागलं. नवरा एवढंच म्हणाला, "बोट गेलंच शेवटी," आणि तिच्या बाजूला सरकून बसला.

मुलीला शाळेत कळलं. घरी आल्याआल्या तिने विचारलं, "आई, तू खोटं मोजलंस?"

"हो."

"का?"

"काकूचा हेवा वाटला म्हणून."

मुलीने दप्तर खांद्यावरून काढलं. "मलाही वर्गातल्या एकीचा वाटतो," ती म्हणाली आणि दप्तर ठेवायला गेली.

त्या आठवड्यांचे आकडे मॅडमनी फेकून दिले. थोरलीला केंद्राच्या पडवीत बसवलं, मातीच्या गोळ्यांतून चाळणीने मुळं वेगळी करायला. परिषदेला धाकटी गेली. ती निघाली त्या दिवशी चाळणीवर वाकलेल्या थोरलीला वाटलं होतं, आता आपण शिक्षा भोगतोय, तेव्हा आतली आग तरी विझेल. कुठली विझते! गाडीचा आवाज ऐकताना पोटात पूर्वीसारखीच कळ आली. फरक इतकाच, की आता तिला त्या कळेचं नाव ठाऊक होतं आणि तिच्यापायी काय काय होतं तेही.

पावसाळा सरला तसं मॅडमनी तिला बोलावलं. पडवीतली मुळं तिने इतकी नीट निवडली होती की, असं त्या काहीतरी म्हणू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "मोजायला परत या. पण एकटीने नाही. दोघी मिळून, सगळे चौकोन. आणि तुम्ही तोंडाला फडकं बांधायचं."

"बांधते."

पहिले काही दिवस दोघी जावा जंगलात मुक्याने हिंडल्या. एक घुमट बसवायची, दुसरी आकडा वाचायची. थोरली फडक्यामागून "बसलं" म्हणायची, ते धाकटीला "हसलं" ऐकू यायचं. एकदा खरंच हसू आलं. नंतर येत राहिलं. दिराने मात्र भिंतीशी बोलणं सोडायला आणखी बराच वेळ घेतला.

तापत्या मातीने मॅडमनी धरलं होतं त्याहून पुष्कळ जास्त वायू सोडला होता. आनंद मानावा अशी ती बातमी नव्हती, पण केंद्राचं नाव झालं. मॅडमचा लेख छापून आला त्या दिवशी धाकटी तो घेऊन चौकोनापाशी आली. लिहिणाऱ्यांच्या नावांत शेवटून दुसरं नाव तिचं होतं. थोरलीचं अगदी खाली होतं, आभाराच्या ओळीत, दोऱ्या ताणणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्यांबरोबर.

थोरलीने ते दोनदा वाचलं. मग फडकं खाली ओढून म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय बघ."

"दुखू दे," धाकटी म्हणाली. "कडं धरा. ऊन वर आलं की आकडे बदलतील."

तिने फडकं वर केलं आणि कडं धरलं.

पुढे धाकटी पुढच्या शिक्षणाला शहरात गेली, दीरही तिकडेच काम बघून गेला. मॅडमनी फडक्याची अट काढून टाकली. थोरलीने ते बांधणं सोडलं नाही. मुलगी मोठी झाली. विज्ञान घ्यायचं ठरलं, पण कुठे, कसं, हे कुणाला विचारायचं याची घरात चर्चा निघाली आणि मुलगी आईकडे बघून गप्प बसली. थोरलीला ते गप्प बसणं कळलं. तिने स्वतःच धाकटीला फोन लावला, "घे, काकूशी बोल," म्हणून मुलीच्या हातात दिला, आणि चणे निवडत तिथेच बसून राहिली. मुलगी भराभर बोलत होती, मध्येच खळखळून हसत होती. थोरली एकेक शब्द ऐकत होती.